लॉगिन शेल बदलून सात महिने: बॅशवरून फिशवर

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आणि लॉगिन केल्यावर आपोआप मिळतं ते लॉगिन शेल. माझं बॅश होतं, ते बदलून फिश हे दुसरं शेल घ्यायचं होतं. डेबियन लिनक्सच्या लॅपटॉपवर 'सीएचएसएच -एस /यूएसआर/बिन/फिश' ही शेल बदलणारी एकच ओळ दिली, पासवर्ड टाकला, झालं. पण नवीन टर्मिनल उघडलं तर पुन्हा बॅशच! तीनदा तीच आज्ञा दिली. आज्ञा बरोबरच होती. ती यूझर खात्यांची माहिती असलेल्या /ईटीसी/पासडब्ल्यूडी फाइलमधल्या आपल्या ओळीचा सातवा, म्हणजे शेवटचा रकाना बदलते. आधीच सुरू असलेलं सेशन मात्र जुनंच शेल धरून असतं. लॉग आउट करून परत आले आणि फिश समोर.

टाइप करतानाच जुनी आज्ञा फिकट अक्षरांत पुढे दिसते, उजवा बाण दाबला की पूर्ण होते. काहीही सेटिंग न करता. एवढ्यासाठीसुद्धा मी लॅपटॉपवर फिश सोडणार नाही.

त्रास झाला तो बॅशच्या सवयींचा. कुठून तरी उचललेला बॅशचा फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) चालत नाही, हिअरडॉक (आज्ञेला अनेक ओळींचा मजकूर जागीच देण्याची सोय) तर फिशमध्ये नाहीच. पहिल्या ओळीत बॅश लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फाइली, मात्र पूर्वीसारख्याच चालतात. फिश '.प्रोफाइल' ही लॉगिनच्या वेळच्या सेटिंगची फाइल वाचत नाही, त्यामुळे एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत आल्यावर माझा पाथ, म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, गायब असायचा. तो 'फिश_अ‍ॅड_पाथ'ने घालून घेतला.

खरा धडकी भरवणारा प्रसंग सर्व्हरवर घडला. तिथे फिश सोर्स कोडमधून बांधून /यूएसआर/लोकल/बिनमध्ये ठेवलं होतं. सुरुवातीला 'इनव्हॅलिड शेल' आलं, कारण तो मार्ग मान्य शेलची यादी असलेल्या /ईटीसी/शेल्स फाइलमध्ये नव्हता. तो लिहिला, शेल बदललं. दोन महिन्यांनी साफसफाई करताना फिशचीच ती फाइल मी उडवली. त्यानंतर एसएसएच-की (लॉगिनची किल्ली-फाइल) बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी एसएसएच आत घेईना. ज्याचं शेलच जागेवर नाही, त्याला एसएसएचचा सर्व्हर लॉगिनच देत नाही. बाहेरून 'बॅश चालव' असं सांगूनही भागत नाही, कारण तशी आज्ञाही लॉगिन शेलमार्फतच चालते.

वाचवलं ते आधीपासून जोडलेल्या एका खिडकीने. फाइल गेली तरी तिथली प्रोसेस जिवंत होती. शेल परत बॅश करणारी 'सुडो यूझरमॉड -एस /बिन/बॅश' ही आज्ञा, त्यापुढे माझं यूझरनेम, आणि जिवात जीव आला.

तेव्हापासून शेल बदललं की चालू खिडकी बंद करण्याआधी दुसरीकडून लॉगिन करून बघतेच. सर्व्हरवर लॉगिन शेल बॅशच ठेवलंय. आत गेल्यावर हवं तेव्हा 'फिश' टाइप करते.