पायाचा सीटी काढू की एमआरआय? कोल्हापुरातल्या पेशंटसाठी

पेठेतल्या पोराचा फुटबॉल खेळताना गुडघा फिरला काय किंवा उसाच्या ट्रॉलीवरनं पडून कुणाची नडगी मोडली काय, राजारामपुरीत डॉक्टरकडं गेलं की घरचे एकच म्हणतात, सरळ एमआरआयच काढूया, महाग आहे म्हणजे जास्त दिसत असणार. तसं नसतंय. हाड बघायचंय की मऊ भाग, त्यावर सगळं ठरतं.

सीटी म्हणजे एक्स-रेच, फक्त मशीन पायाभोवती फिरून पातळ चकत्यांसारखे फोटो घेतं आणि कॉम्प्युटर ते जोडून हाड सगळ्या बाजूंनी दाखवतो. तुकडे किती झालेत, सांध्यात हाड किती खचलंय, टाच कशी फुटलीय हे त्यात स्वच्छ कळतं, म्हणून ऑपरेशनआधी ऑर्थोवाले, म्हणजे हाडांचे डॉक्टर, सीटी मागतात. लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे), गुडघ्यातली गादी, कूर्चा हे मात्र एमआरआयचं काम, त्यात एक्स-रे नसतो, मोठं चुंबक असतं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटलंय का हे बघायला सीटी काढणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वायाच. एक्स-रेत न दिसणारी हाडाची बारीक चीर पण एमआरआयत चांगली सापडते.

सीटीला टेबलावर काही मिनिटं, एमआरआयला 20 ते 40 मिनिटं न हलता पडायचं आणि आवाज मोठा. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, गुडघ्या-घोट्याला पाय आधी आत जातात त्यामुळं डोकं बऱ्याचदा बाहेरच राहतं.

रेडिएशन फक्त सीटीत. गुडघा-घोट्याला ते पोटाच्या सीटीपेक्षा खूपच कमी असतं, खुब्याला जरा जास्त. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी स्कॅनआधी बोला, लाजू नका.

आता कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत नीट उठून दिसावं म्हणून शिरेतनं देतात ते औषध, इथं लोक जास्त घाबरतात. मोडलेल्या हाडाला साधा सीटी पुरतो, सुई नाही की उपाशी राहणं नाही. शुगरवाल्यांची जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, अशा वेळी रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओ करतात आणि त्यात आयोडीनचं औषध शिरेतनं देतात. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, दमा असेल, पूर्वी अशा इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं असेल तर हे सगळं न विसरता सांगा, गोळी बंद करायची का हे डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनानं करू नका. इंजेक्शन गेलं की अंगातनं ऊब पळते, लघवी झाल्यागत वाटतं, ते नॉर्मल आहे. श्वास लागला किंवा खाज सुटली तर मात्र लगेच ओरडून सांगायचं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉपलरवर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीवर, भागतंय का विचारा. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी बघायला पण आधी डॉपलरच करतात, पण त्याला उशीर करू नका, त्याच दिवशी दाखवा.

पायात जुनी प्लेट-रॉड असेल तर सीटीत त्याच्या आसपास रेघा येतात, एमआरआयत पण फोटो बिघडतो. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी सांगायचं. पैंजण, जोडवी घरीच काढा, वर्षानुवर्षं अडकलेली जोडवी साबणाच्या पाण्यानं निघतात.

दर सेंटरगणिक बदलतो, म्हणून फोन करून साधा की कॉन्ट्रास्ट हे सांगूनच विचारा, सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात पण चौकशी करा, आणि फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं झालं तर परत स्कॅन काढावा लागत नाही.