36 पानी की 60 पानी? पासपोर्टची पानं संपत आलेल्यांसाठी

मुदत अजून चार वर्षं शिल्लक आणि पानं मात्र संपली, ही वेळ सतत फिरणाऱ्यावर कधी ना कधी येते. माझ्यावर आली ती युरोपच्या व्हिसाची फाइल देताना. काउंटरवरच्या बाईंनी अंगठ्याने पानं सरसर उलटली, मग पहिल्यापासून एकेक करून मोजली आणि म्हणाल्या, "एकच कोरं आहे हो." शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान 2 कोरी पानं लागतात. दुसरं एक पान मला मोकळंच वाटत होतं, पण कुण्या अधिकाऱ्याने त्याच्या बरोबर मधोमध एक छोटा शिक्का मारून ठेवला होता. तेवढ्याने ते बाद झालं.

आपल्याकडे जुन्या पासपोर्टला जादा पानं जोडून मिळत नाहीत. पानं संपली की री-इश्यूचा अर्ज करायचा आणि नवी पुस्तिका घ्यायची. तिथेच विचारतात, 36 पानी की 60 पानी?

मोठ्या माणसासाठी 36 पानीची फी 1500 रुपये आणि 60 पानी, म्हणजे जम्बोची 2000. तत्काळ हवा असेल तर दोन्हींवर 2000 जास्त. मुदत दोन्हींना सारखीच, 10 वर्षं. म्हणजे 500 रुपयांत 24 पानं वाढतात. जम्बो खिशात थोडा जाड लागतो, यापलीकडे तक्रारीला जागा नाही.

खरा खर्च फीचा नसतोच, तो नंबर बदलण्याचा असतो, कारण नव्या पुस्तिकेबरोबर पासपोर्टचा नंबरही नवा येतो. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर तो चालतो, पण दोन्ही पासपोर्ट बरोबर बाळगावे लागतात. ऑस्ट्रेलियासारखा व्हिसा नुसता नंबरला जोडलेला असतो. तिथे नवा नंबर कळवला नाही तर चेक-इनलाच अडकायला होतं. शिवाय आधी काढलेली तिकिटं, बँकेची केवायसी, फॉरेक्स कार्ड हे सगळं पुन्हा. ही उस्तवार 10 वर्षांत दोनदा करायची की एकदाच, यावर निर्णय करा. वर्षाला चार-पाच परदेशवाऱ्या असतील, त्यात आफ्रिका किंवा शेंगेनसारखे पानभर स्टिकर लावणारे देश असतील, तर माझं उत्तर सरळ जम्बो.

36 पानी कुणाला पुरेल? दोन-तीन वर्षांतून एकदा सहल करणाऱ्याला. किंवा ज्याचं जाणं-येणं मुख्यतः सिंगापूर, हाँगकाँगला आहे, कारण तिथे पाहुण्यांना आता शिक्काच मारत नाहीत. युरोपनेही 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंद सुरू केली. पण आपल्याला लागणाऱ्या व्हिसाचं स्टिकर अजूनही अख्खं पान खातं, तेव्हा एवढ्यावर विसंबून लहान पुस्तिका घेऊ नका.

आणि शेवटच्या पानाची वाट बघू नका. चार पानं उरली की अर्ज टाका, तोही व्हिसाची फाइल देण्याआधी. एकदा पासपोर्ट वकिलातीत गेला की हात बांधले जातात. कारण म्हणून 'पानं संपली' हा पर्याय निवडा. अपॉइंटमेंटला जाताना चालू व्हिसाच्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावा आणि जुना पासपोर्ट रद्द करताना त्या पानांना धक्का लागू देऊ नका, असं काउंटरवर तोंडाने सांगा. जुना पासपोर्ट परत हातात आला की तिथेच उघडून ती पानं बघून घ्या.