फायब्रोमायल्जिया: प्रोबायोटिक कॅप्सूल की ज्वारीची भाकरी?

अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा आणि बिघडलेलं पोट फायब्रोमायल्जियात अनेकदा एकत्र येतात. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना अशा स्त्रियांच्या आतड्यांतले जिवाणू वेगळे आढळले. ते दुखण्याचं कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही. म्हणून जिवंत, उपयुक्त जिवाणू भरलेल्या महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलपेक्षा माझा कौल सोलापूरच्या ताटाला: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताजं ताक. भाकरी-उसळीतला चोथा आतड्यांतल्या जिवाणूंना रोज खाद्य पुरवतो. कॅप्सूल थांबली की तिचे जिवाणू बहुधा टिकत नाहीत. पोट फुगत असेल तर उसळ बेतानेच घ्या.

ताट कोणतंही असो, २०१६च्या युरोपीय शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी दहा मिनिटं चाला, हळूहळू वाढवा. चालू औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.