राष्ट्रीय प्रदर्शनासाठी ‘निवड’ झाली आणि ३७,३८० रुपये गेले

हे लिहायला मला महिना लागला, कारण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या चार जणांनी असे फसावे याची लाज घरीही वाटत होती आणि वर्गातही. पण नाशिकच्या महाविद्यालयांत सध्या प्रकल्प प्रदर्शने चालू आहेत आणि तो माणूस आजही कुणाच्या तरी टेबलासमोर उभा असेल, म्हणून लिहितो आहे.

आमचा प्रकल्प द्राक्षबागेसाठी होता. पानांवर ओलावा किती वेळ टिकतो ते तापमान आणि आर्द्रतेबरोबर मोजायचे आणि डाऊनी (केवडा) रोगाचा धोका शेतकऱ्याला मोबाईलवर कळवायचा, अशी त्याची रचना होती. प्रदर्शनाच्या दिवशी दिंडोरीचे एक बागायतदार आले आणि सेन्सरच्या पट्टीवर बोट टेकवून त्यांनी विचारले, “फवारणीनंतरही पान ओलंच असतं, मग दव कुठलं आणि औषध कुठलं, हे याला कसं कळणार?” आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्यामागून आलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गृहस्थाने मात्र यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने पोस्टरचा फोटो काढला, गटात किती जण आहेत ते विचारले आणि पुण्यातील राष्ट्रीय प्रदर्शनासाठी आमची निवड झाल्याचे सांगितले. प्रकल्प न पाहता निवड कशी होते, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

पहिली मागणी नोंदणी शुल्काची होती : ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०, तेही त्याच दिवशी सायंकाळी सहाच्या आत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचे नाव यायला हवे होते, तिथे एका व्यक्तीचे नाव आणि आडनाव आले. ते नाव मी वाचले, पिन टाकण्याआधी माझा अंगठा थांबलाही, आणि मी त्याला फोन करून विचारलेसुद्धा. संस्थेच्या खात्याचे ऑडिट चालू असल्याने तूर्त खजिनदारांचे खाते दिले आहे, असे तो इतक्या सहज म्हणाला की मी पिन टाकून मोकळा झालो. ते नाव अजूनही मला झोपेत दिसते. संस्थेचे पैसे व्यक्तीच्या खात्यावर कधीही भरू नका, मग समोरचा कोणतेही कारण सांगो. पावतीवरचा जीएसटी क्रमांक १५ ऐवजी १४ अक्षरांचा होता, हे आम्ही फार उशिरा मोजले. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क तपासता येतो.

नंतर स्टॉलसाठी १४,१६० आणि पेटंटच्या ‘सरकारी शुल्का’साठी १८,५०० रुपये गेले. वैयक्तिक अर्जदाराला पेटंटचा अर्ज ऑनलाइन भरण्यासाठी १,६०० रुपये लागतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. प्रत्येकाच्या वाट्याला ९,३४५ रुपये आले. एका मित्राच्या वडिलांनी ते कांदा विकून आलेल्या पट्टीतून दिले होते.

आम्हाला कुणी मूर्ख म्हणेल, तर त्याने एवढे लक्षात घ्यावे की लॉटरी लागल्याचा संदेश आला असता तर आम्ही तो उघडलाही नसता. हा माणूस मात्र महाविद्यालयाच्या सभागृहात शिक्षकांच्या देखत फिरत होता आणि त्याचे माहितीपत्रक आमच्या विभागाच्याच ग्रुपवर आले होते.

ठरलेल्या दिवशी यंत्र खोक्यात भरून आम्ही ठक्कर बाजारहून पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. हॉलच्या व्यवस्थापकाने नोंदवही आमच्याकडे फिरवली. त्या तारखेसमोर साड्यांच्या विक्रीची नोंद होती.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीइतकाच कडू आहे. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘हे सायबरचे काम आहे’ असे सांगण्यात आले, सायबर विभागाने आधी बँकेत जायला सांगितले, बँकेने एफआयआरची प्रत मागितली आणि त्या प्रतीसाठी पुन्हा पोलीस ठाणे गाठले तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारले, “इंजिनिअरिंगचे ना तुम्ही? पैसे स्वतःच पाठवलेत, मग चोरी कुठली?” चोरी नसेल, पण फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्हा आहे आणि तो नोंदवून घेणे हे त्यांचे काम होते. पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० या क्रमांकावर फोन करा, रांगा नंतर लावा, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. महाविद्यालयाने तर ‘सदर व्यक्तीशी संस्थेचा संबंध नाही’ एवढे एका ओळीत लिहून दिले. त्याला आत कोणी सोडले, हे विचारल्यावर प्रवेशद्वारावरची नोंदवही सापडेना.

गेल्या आठवड्यात मालेगावहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिला पाठवलेल्या माहितीपत्रकावर ‘मागील विजेते’ म्हणून आमचे पोस्टर छापले होते आणि त्यावरचा माझा क्रमांक पाहून तिने खात्री करून घ्यायला फोन केला होता. तिच्या गटाने ४,७२० भरले होते. स्टॉलच्या पैशांची मुदत त्याच सायंकाळी सहाची होती.