हिरवा पट्टा आणि शून्य टक्के: आमचे ऐंशी हजार कसे गेले

आमचा फराळाचा धंदा डोंबिवलीत. सासूबाईंनी सुरू केला, आता कढई त्यांची आणि कॉम्प्युटर माझा. निम्म्याहून जास्त माल परदेशी जातो, अमेरिका, इंग्लंड, दुबई. तिकडची मंडळी ऑर्डर व्हॉट्सॲपवर देत नाहीत असं नाही, पण बुकिंग सुरू झाल्याचं त्यांना कळतं ते मेलवरून. गणपतीच्या आधी दोन आठवडे एक मेल जाते, दरपत्रक आणि शेवटची तारीख. चौदा वर्षांत जमलेले पत्ते 9,400. एरवी मेल गेली की दोन दिवसांत साठ-सत्तर ऑर्डरी येतात.

2024 च्या 22 ऑगस्टला मेल पाठवली. दोन दिवसांत ऑर्डरी चार.

तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीच्या एका जुन्या काकूंचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "अगं, यंदा बंद केलंत की काय? मी स्पॅममध्ये शोधलं तेव्हा सापडली तुझी मेल." मी माझं स्वतःचं जीमेल उघडून पाहिलं, तिथे तर मेल इनबॉक्समध्ये व्यवस्थित होती. म्हटलं, काकूंच्याच मेलचा घोळ असेल. ही माझी पहिली चूक. आपल्याच दुकानाची मेल आपण रोज उघडतो, उत्तरं देतो, म्हणून जीमेल आपल्याला ती इनबॉक्समध्ये देतं. दुसऱ्याकडे काय होतंय ते त्यावरून कळत नाही.

खरं कारण नंतर कळलं. गूगल आणि याहूने ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलं होतं की फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना नवे नियम लागतील. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या आसपास किंवा जास्त मेल गेल्या की तुम्ही त्यात आलात. आपल्या डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या नावाची, तीन ओळखपत्रं हवीत: एसपीएफ (या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ही दोन जुळली नाहीत तर मेलचं काय करायचं ती सूचना), मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि 'हे स्पॅम आहे' म्हणणाऱ्यांचं प्रमाण 0.10 टक्क्याच्या आत ठेवायचं, 0.30 ला तर टेकूच द्यायचं नाही. म्हणजे हजारात तिघांनी बोट लावलं की संपलं. आमच्याकडे डीकिम नव्हतं, डीमार्कचं नावही ऐकलेलं नव्हतं, आणि वर्षभर गप्प बसून एका दिवसात 9,400 मेल सोडल्या होत्या.

हे मला ऑगस्टमध्ये कुणी सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. सांगणारा भेटला तो दुसराच.

घरगुती उद्योजकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रडगाणं गायलं आणि दहा मिनिटांत एका गृहस्थांचा खासगी मेसेज आला. त्यांना इथे सल्लागार म्हणते. बोलणं अत्यंत गोड, प्रत्येक वाक्यात मॅडम. "मॅडम, तुमचं डोमेन गूगलने रेडमध्ये टाकलंय. आमचं गूगलच्या पोस्टमास्टर टीमशी टाय-अप आहे, तीन आठवड्यांत ग्रीनमध्ये आणतो." पॅकेज 45,000 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण 53,100. सगळी रक्कम आधी, यूपीआयने. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं, बिल? बिल आलं. त्यावर जीएसटीचे 8,100 रुपये होते, जीएसटी क्रमांक नव्हता. ते आमच्या लक्षात आलं महिनाभराने.

पैसे दिल्यावर त्याने डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मागितला. मी दिला. शेजारच्या वाण्याला मी उधारीची वही दाखवत नाही, आणि या माणसाला दुकानाच्या पाटीची मालकी देऊन बसले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. डीकिम त्याने खरोखर लावलं. डीमार्कही लावलं. तासा-दीड तासाचं काम. पण एसपीएफचा आमचा जुना रेकॉर्ड तसाच ठेवून शेजारी दुसरा टाकला, आणि एका डोमेनला दोन एसपीएफ असले की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. डीमार्कच्या रेकॉर्डमध्ये रोजचे अहवाल कुठे पाठवायचे तो पत्ता लिहायचा असतो, तिथे त्याने स्वतःचा पत्ता लिहिला. म्हणजे आमच्या नावाने कोण कुठून मेल पाठवतंय याचे अहवाल त्याच्या घरी जात होते.

मग सोमवारचा रिपोर्ट सुरू झाला. दर सोमवारी सकाळी एक पीडीएफ. त्यात गूगल पोस्टमास्टर टूल्सच्या, म्हणजे आपल्या मेलची जीमेलकडे काय पत आहे ते दाखवणाऱ्या पानाचे फोटो. स्पॅम रेट 0.0 टक्के. डोमेन रेप्युटेशन हाय, हिरवागार पट्टा. खाली एसएनडीएस या मायक्रोसॉफ्टच्या तसल्याच टूलचा फोटो, तोही हिरवा. मी विचारलं, मला स्वतःला हे पान बघता येईल का? उत्तर आलं, "मॅडम, हे टूल एजन्सीलाच मिळतं. क्लायंटला ॲक्सेस नसतो."

हे धादांत खोटं. पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे. कुठल्याही गूगल खात्यातून उघडतं, आपलं डोमेन टाकायचं, गूगल एक टीएक्सटी रेकॉर्ड म्हणजे मजकुराची एक ओळ देतं, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत चिकटवायची, झालं. मालकाने पासवर्ड न देता दुसऱ्या कुणाला नुसतं बघायची परवानगीही देता येते, त्याचा मेल पत्ता टाकून. म्हणजे उलटं असायला हवं होतं: खातं माझं आणि परवानगी त्याला. एसएनडीएसची गंमत तर त्याहून मोठी. ते डोमेनवर चालतच नाही, आयपी पत्त्यावर, म्हणजे मेल ज्या सर्व्हरवरून निघते त्याच्या क्रमांकावर चालतं, आणि त्या आयपीचा मालक मान्यता देतो तेव्हाच आकडे दिसतात. आमच्या मेल एका मेल पाठवणाऱ्या कंपनीच्या सामायिक आयपीवरून जात होत्या. त्याला आमचा एसएनडीएस दिसणं शक्यच नव्हतं. कुणाचा तरी हिरवा चौकोन आमच्या पीडीएफमध्ये चिकटला होता.

पट्टा हिरवा, ऑर्डरी मात्र नाहीत. 9 सप्टेंबरला मी जरा आवाज चढवला तर म्हणाला, "रेप्युटेशन आलंय मॅडम, आता व्हॉल्यूम लागतो." आणि 25,000 'व्हेरिफाइड एनआरआय मराठी' पत्त्यांची यादी 15,000 रुपयांत देऊ केली. इथे मी त्याला एकट्याला दोष देणार नाही. हव्यास माझा होता. घरात गौरी जेवायला बसल्या होत्या आणि मी आत बसून यूपीआयचा पिन टाकत होते.

यादीतले पहिले 6,000 पत्ते सोडले. त्यातल्या 1,700 मेल परत आल्या, तो पत्ता अस्तित्वातच नाही म्हणून. उरलेल्यांत फराळ म्हणजे काय हेही माहीत नसलेले लोक. एका सद्गृहस्थांनी इंग्रजीत चार ओळी लिहून आमचा उद्धार केला. 13 सप्टेंबरला मेल पाठवणाऱ्या कंपनीने आमचं खातं गोठवलं, आणि त्यांनी केलं ते बरोबरच केलं. विकत घेतलेली यादी त्यांच्या अटींत बसत नव्हती. सल्लागार म्हणाला, "तुमचं डोमेन स्पॅमहाऊसच्या ब्लॅकलिस्टमध्ये गेलं, काढायची फी 12,000." तीही भरली. 'रिमूव्हल डेस्क' अशा नावाची पावतीही मिळाली. स्पॅमहाऊस ही खरीखुरी संस्था आहे, त्यांची यादी जगभरचे मेल सर्व्हर वापरतात, आणि नाव काढायला ते एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर आपलं डोमेन टाकून कुणालाही तपासता येतं. नंतर तपासलं तर आमचं नाव तिथे नव्हतंच.

एव्हाना 80,100 रुपये गेले होते.

29 सप्टेंबरच्या रविवारी नणंदेचा मुलगा पुण्याहून आला. पोरगा आयटीत आहे, पण काम डेटाबेसचं, मेलचं नाही. जेवण झाल्यावर मी त्याला सोमवारच्या पीडीएफ दाखवल्या. तो बराच वेळ मोबाइलवर बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिला. मग विचारलं, "मामी, तुमचं खातं कधी गोठलं होतं?" म्हटलं, 13 ते 19. "त्या दिवसांत मेल गेल्या?" म्हटलं, ऑर्डर मिळाल्याच्या दहा-बारा, हाताने. त्याने फोन माझ्यापुढे धरला. 23 सप्टेंबरच्या रिपोर्टमधला आलेख. 11 ते 18 सप्टेंबर, एकही दिवस न तुटलेला हिरवा पट्टा. अनंत चतुर्दशीलासुद्धा हिरवा. आणि पोस्टमास्टर टूल्स तर दिवसाला पुरेशा मेल गेल्या नाहीत तर आकडा दाखवतच नाही, ती जागा रिकामी राहते. फोटोच्या वरच्या कडेला जिथे डोमेनचं नाव असतं तेवढी पट्टी कापलेली होती. चारही सोमवारी, नेमकी तेवढीच. चार आठवडे मी ते बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

डोमेनचं खातं परत मिळवायला चार दिवस गेले. पासवर्ड बदललेला, खात्याला जोडलेला मेल पत्ताही त्याचा. जुनी बिलं, ओळखपत्र, सगळं डोमेन कंपनीला पाठवलं तेव्हा घटस्थापनेच्या दिवशी खातं हाती आलं. माझ्या स्वतःच्या गूगल खात्यातून पोस्टमास्टर सुरू केलं. मेलचं खातं सुटलेलं होतं, 5 ऑक्टोबरला आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना एक मेल पाठवली. दोन दिवसांनी पान उघडलं. डोमेन रेप्युटेशन बॅड, लालभडक. आणि स्पॅम रेट?

0.0 टक्के.

मला वाटलं, निदान हा आकडा तरी त्याने खरा दाखवला. भाचा म्हणाला, "मामी, हा शून्य चांगला नाही." या टूलमधला स्पॅम रेट मोजला जातो तो इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर. त्यातल्या किती जणांनी 'स्पॅम' म्हणून कळवलं, एवढंच. मेल सरळ स्पॅमच्या टोपलीत पडली तर तिथे तिला पुन्हा स्पॅम कोण म्हणणार? सगळी मेल टोपलीत गेली की तक्रार शून्य. परीक्षेलाच न बसलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लाल शेरा नसतो, तसलं. सल्लागाराला हा आकडा बनवावासुद्धा लागला नसेल. रेप्युटेशनचा पट्टा त्याने दुसऱ्या कुणाचा चिकटवला, शून्य बहुधा आमचाच होता.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, त्यामुळे थोडक्यात. दोन एसपीएफचा एक केला. डीमार्कचे अहवाल स्वतःच्या पत्त्यावर वळवले. विकत घेतलेली यादी पुसली, आणि आमच्या 9,400 मधले दोन वर्षांत ऑर्डर दिलेले 1,150 तेवढे ठेवले. दिवसाला दीडशे-दोनशे मेल. ओळखीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर सांगितलं की स्पॅममधून काढून 'हे स्पॅम नाही' दाबा. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत मूळ मेल बघायची सोय असते, तिथे एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्हींपुढे पास लिहिलंय का ते दर मेलला पाहायला लागले. बॅडचं लो व्हायला तीन आठवडे लागले, लोचं मीडियम व्हायला फेब्रुवारी उजाडला. गूगलमधल्या कुणाच्या ओळखीने यातलं काही लवकर होत नाही.

दिवाळी मात्र गेली. परदेशी पार्सल वसुबारसेच्या आत पोचायचं तर माल ऑक्टोबरच्या मध्याला निघावा लागतो. 2023 ला 640 पार्सलं गेली होती, 2024 ला 231. चकलीची साठ किलो भाजणी दळून डब्यांत भरलेली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. भाजणीचे अर्धा-अर्धा किलोचे पुडे बांधून सोसायटीत विकायला बसल्या, त्या वयात.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन महिना झाला होता, खात्यात काही उरलं नव्हतं. ठाण्यातल्या पोलिसांनी मला विचारलं, त्याने काहीच केलं नाही का? म्हटलं, डीकिम लावलं होतं. "मग सेवा दिली असं तो म्हणणार." अर्ज अजून तिथेच आहे.

2025 मध्ये गूगलने पोस्टमास्टरची जुनी आवृत्ती मागे घ्यायला घेतली. नव्या आवृत्तीत हाय-मीडियम-लो-बॅडचा तो रेप्युटेशनचा पट्टाच नाही. म्हणजे आता कुणी तुम्हाला नव्या पानावरचा हिरवा 'हाय' दाखवत असेल, तर तो कुठून आणला एवढं विचारा.

तसा तो हिरवा पट्टा मला गेल्या श्रावणात दिसला. त्याच ग्रुपवर, 'फेस्टिव्ह ऑफर' म्हणून. वरची पट्टी कापलेली, खाली तारखांची रांग, 11 ते 18 सप्टेंबर. खाली सोलापूरच्या एका ताईंनी दर विचारला होता. मी ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिनने 'नकारात्मक पोस्ट नकोत' म्हणून काढून टाकलं. मग ताईंना थेट फोन लावला. त्यांनी ॲडव्हान्स आदल्या रात्रीच भरला होता. डोमेनचा पासवर्ड तेवढा अजून द्यायचा होता.