कोचीची वॉटर मेट्रो: आठ महिने रोज वापरल्यावर

बदली होऊन कोचीला आलो तेव्हा पाऊस नुकताच सुरू झाला होता. घर वायपीन बेटावर, ऑफिस एर्नाकुलमच्या हायकोर्टाजवळ. गोश्री पुलांवरून बसने जाता येतं, पण सकाळी ती बस मुंगीच्या पावलांनी सरकते. म्हणून वॉटर मेट्रोने, म्हणजे खाडीतून धावणाऱ्या प्रवासी बोटीने जायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या तिकिटासाठी कोची वन कार्ड घेतलं. तेच मेट्रो रेल्वेलाही चालतं.

ही सेवा एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. बोटी इथल्याच कोचीन शिपयार्डच्या, बॅटरीवर चालणाऱ्या. आत एसी, आवाज जवळजवळ नाहीच. फेरीला शंभर माणसं, त्यावर एकही नाही. फाटकावर मोजणी होते, त्यामुळे एकशे एकावे आपण असलो तर बोट डोळ्यांदेखत निघून जाते. माझं असं दोनदा झालंय. बंद काचांमुळे खाडीचा वारा अंगाला लागत नाही, ही माझी कायमची कुरकुर. वारा हवा असेल त्या दिवशी मी सरकारी जलवाहतूक खात्याची जुनी बोट पकडतो. तिकीट नाममात्र, गप्पा फुकट.

खरी परीक्षा झाली जानेवारीत, आई-अण्णा मुंबईहून क्रूझने आले तेव्हा. जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून हे बेट उभं केलंय, रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली. अण्णा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, त्यामुळे जहाजावरच्या जेवणापेक्षा त्यांना या गाळाचंच कौतुक.

सकाळची बससहल त्यांनी जहाजावरच बुक केली होती. यादीत मट्टनचेरीचा राजवाडा आणि 1568 चा परदेशी सिनेगॉग. वार शुक्रवार, दोन्ही बंद! पैसे घेताना हे कोणी सांगितलं नाही. बाहेरून भिंती दाखवल्या आणि मसाल्याच्या दुकानात तासभर बसवलं. मग अण्णांचा फोन आला, "अरे, तूच ये."

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामाला 1524 मध्ये इथेच पुरलं होतं, पुढे चौदा-पंधरा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. आईने ते एका कानाने ऐकलं. तिचं सगळं लक्ष चिनी जाळ्यांकडे. दोऱ्यांना दगड बांधलेले, चार-पाच जण ओढतायत, आणि वर आलेल्या जाळ्यात बोटभर मासे. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" म्हणाली.

वॉटर मेट्रोच्या तिकिटाला पाऊण तास रांग होती. सुट्टीच्या दिवशी याहून वाईट असते. तिघांचे 120 रुपये. आईला गुडघ्यांची धास्ती, कारण तिच्या डोक्यात भाऊचा धक्का: शेवाळलेल्या पायऱ्या, हलणारी लाँच आणि खलाशाने धरलेला हात. इथे धक्काच तरंगता. भरती असो की ओहोटी, तो बोटीबरोबर वरखाली होतो आणि पाऊल सपाट जमिनीवर टाकावं तसं पडतं. आई आत जाऊन बसली तरी विचारत होती, "चढायचं कुठून?"

वीस मिनिटांत हायकोर्ट. एर्नाकुलम जवळ येताना उजवीकडे लांब त्यांचं जहाज दिसलं, धक्क्यावर एखादी सोसायटी उभी असावी तसं. चारला जहाजावर पोचायचं होतं. टॅक्सीने पावणेचारला गेटवर सोडलं. पुढच्या खेपेला शुक्रवार नको, इतकंच आईने बजावलं.