मुलांमधलं किडनी प्रत्यारोपण आणि सीएमव्ही: आधीच औषध की दर आठवड्याला तपासणी?

सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू बहुतेक मोठ्यांच्या शरीरात सुप्त असतो. लहान मुलाची मात्र त्याच्याशी अनेकदा गाठच पडलेली नसते. आईवडिलांनी दिलेल्या किडनीबरोबर तो पहिल्यांदा आत येऊ शकतो. त्यातच प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. म्हणून मुलांच्या बाबतीत धास्ती जास्त.

एक मार्ग म्हणजे सुरुवातीपासूनच व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध, साधारण ३ ते ६ महिने. घरच्यांना हे झेपतं. पण पांढऱ्या पेशी घटू शकतात, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. शिवाय औषध थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत आजार डोकं वर काढू शकतो. तेव्हाचा ताप किंवा जुलाब कृपया साधा समजू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

दुसरा मार्ग: आधी औषध नाही, दर आठवड्याला पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी), आणि विषाणू वाढताना दिसला की उपचार. यात औषध कमी लागतं, शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती घडवायला वाव मिळतो. मात्र अहवाल वेळेवर हवा. गडचिरोलीच्या खेड्यातून दर आठवड्याला नागपूर गाठणं किती कुटुंबांना जमेल?

दाता पॉझिटिव्ह (सीएमव्हीची लागण होऊन गेलेला) आणि मूल निगेटिव्ह (लागण न झालेलं) असेल, तर मला पहिलाच मार्ग सुरक्षित वाटतो.

नव्या किडनीला इजा करू शकणाऱ्या बीके या दुसऱ्या विषाणूबाबत अशी निवडच नाही. त्यावर खात्रीचं औषध नसल्यानं नियमित तपासणी आणि गरज पडल्यास प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बेतानं कमी करणं, एवढंच हाती उरतं. तेही डॉक्टरांनीच करायचं.